माहेरची नोंद

“हितं माझी लेक दिसती,” अनसाक्का म्हणाली आणि तिनं फोन माझ्या हातात दिला, “पर हात लावू देत न्हाय.”

मी ओट्यावर बसून दम खात होते. फाट्यावर एसटीतून उतरल्यावर उंबरमाळला दीड तासाची चढण. ऊन कोवळं होतं, तरी पाठ घामानं भिजली होती. मी फोन नाकाजवळ धरून पाहिला. आमच्या संस्थेची गरोदर बायांची यादी उघडलेली होती. मीच बनवलेली. नाव, गाव, दिवस भरण्याची तारीख, रक्तदाब, शेरा. रक्तदाब ठीक असला की ओळ हिरवी, वाढला की लाल. रोज सकाळी संस्थेची जीप लाल नावं बघून निघायची.

“पासवर्ड तुमचाच आहे ना, अनसाक्का? दुसऱ्या कुणाच्या नावानं तर आत शिरला नाहीत?”

“माझाच. आमच्या कुत्र्याचं नाव हाय. सांगू?”

“नको, पासवर्ड सांगायचा नसतो.”

“कुत्र्याला तर समदी वाडी हाका मारती,” ती म्हणाली. “हे बगा. ह्या नऊ बायांम्होरं पेन्सिल हाय. पेन्सिल दाबली की लिवता येतंय. आन् ही सुवर्णा. हिच्याम्होरं पेन्सिल न्हाय.”

खरंच नव्हती. सुवर्णा संतोष शेलार, गाव सोनगिरी. रक्तदाब एकशेदहा-सत्तर. ओळ हिरवीगार.

अनसाक्का कोकरे ही उंबरमाळची आशाताई. पंचेचाळिशीची, काटक, बोलायला मिस्कील. पाठीवरच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, गोळ्या आणि मूठभर शेंगदाणे असायचेच. तीन आठवड्यांत तिचे पाच फोन आले होते. पहिले दोन संस्थेच्या कचेरीत माझे सहकारी देशमाने यांनी घेतले आणि तिला सांगितलं, “यादीत सगळं हिरवं आहे, ताई. दुरुस्ती होत नसेल तर नवीन नोंद भरा.” पुढचे तीन माझ्याकडे आले. दर वेळी मी फोनवरूनच शहाणपण शिकवलं. बंद करून चालू करा. बाहेर पडून परत आत या. शेवटी तिचं एकच वाक्य आलं, “मॅडम, एकदा येऊन बगा.” म्हणून मी आले होते.

हे पेन्सिलीचं कलम माझंच होतं, हे इथं सांगायला हवं. आधी यादी सगळ्यांना सगळीकडे लिहू द्यायची. दिवाळीच्या सुमाराला खालच्या गावातल्या एका ताईचं बोट पडद्यावर घसरलं आणि चाळीस बायांची तारीख एकच झाली. त्या दिवशी आमच्या यादीप्रमाणे अर्धा तालुका सोळा जानेवारीला बाळंत होणार होता. देशमाने हसले, मी रडले. मग मी नियम घातला की सगळ्यांनी सगळं वाचावं, पण जिनं नोंद केली तिनंच ती बदलावी. दुसरीच्या ओळीला बोट लागायलाच नको. यादी कशी शिस्तीत आली. तेव्हाच्या शिबिरात मी मोठ्या दिमाखात सांगितलं होतं, “आता वह्या बंद. यादीत आहे तेच खरं.”

“तुझं म्हायेर कुठलं गं?” अनसाक्कानं मधेच विचारलं. डोंगर चढून आलेल्या माणसाला ती ‘तुमी’ फार वेळ म्हणत नसे.

“लग्न नाही झालं माझं.”

“मंग आयचं गाव?”

“आई नाही. मी बारावीत होते तेव्हा गेली. बाबा नोकरीच्या गावी. माझी इथं तालुक्याला खोली आहे.”

तिनं मान हलवली. पिशवीतले शेंगदाणे काढून माझ्या ओंजळीत घातले आणि तो विषय तिथंच ठेवला. मी पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

“ही सुवर्णा कुठे आहे आत्ता? सोनगिरीला?”

“आत निजलीया.”

“आत?”

“पयलटकरीन हाय ती. सातव्यातच आनली आमी तिला. पयलं बाळातपन म्हायेरातच की. तुला न्हाय ठावं?”

मला ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नसतं? पण ठाऊक असणं निराळं आणि यादी बनवताना ते आठवणं निराळं. नोंद सोनगिरीच्या आशाताईनं, वैजयंता मोहितेनं केलेली. तिसऱ्या महिन्यात, सासरी. पेन्सिल तिच्याकडे. पोटुशी बाई दोन डोंगर ओलांडून आईकडे आली होती, आणि पेन्सिल सासरीच राहिली होती.

“अगं मग अनसाक्का, हे तेव्हाच सांगायचं.”

“सांगितलं की. लेक हितं हाय म्हनले. तू म्हनलीस, बंद करून चालू करा.”

मी फोन तिच्या हातात परत दिला.

आतून हाक आली, “आये.” बारीक, ओढलेली हाक. अनसाक्का आत गेली, तिच्यामागे मी गेले. घोंगडीवर सुवर्णा कुशीवर पडली होती. विशीची असेल. पायाचे घोटे दिसेनासे झाले होते, हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

“डोस्कं लई ठनकतंय,” ती म्हणाली. “आन् डोळ्याम्होरं काजवं नाचत्यात.”

“कवापास्नं?”

“सकाळपास्नं. तू भाकरी थापत हुतीस, म्हनून न्हाय बोलले.”

अनसाक्कानं दंडाला पट्टा गुंडाळला. यंत्र घरघरलं आणि थांबलं. तिनं आकडा पाहिला, मग यंत्र माझ्याकडे वळवलं. एकशेचौसष्ट-एकशेआठ.

मी डॉक्टर नव्हते, पण दोन वर्षं त्या यादीचे रंग लावत होते. हा आकडा कुठल्या रंगाचा ते मला कळत होतं.

“डाव्या कुशीवर नीज, बाळा,” अनसाक्का म्हणाली. आवाज जराही हलला नाही. मग दाराकडे तोंड करून, “आवो, चौघंजन बोलवा. डोली बांधा. फाट्यापर्यंत जायचंय.”

तिचे मालक बाबूमामा अंगणात दोरी वळत बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. दोरी तशीच टाकून ते वरच्या घरांकडे निघाले. शेजारची जाऊबाई सुवर्णाच्या उशाशी येऊन बसली. उंबरमाळला रेंज नव्हती; यादी फोनात साठलेली दिसायची, पण फोन लागायचा नाही. वाडीच्या डोक्यावर एक काळा कातळ होता, फोनला वारं लागायचं ते तिथंच. आम्ही दोघी तिकडे धावलो. मी धावले, ती झपाझप चालली, आणि पोचली मात्र माझ्याआधी.

मी डॉक्टर होनरावांना फोन लावला. आमच्या संस्थेच्या त्या डॉक्टर, तुटक बोलणाऱ्या.

“किती म्हणालीस?”

मी आकडा सांगितला. डोकेदुखी, काजवे, सूज.

“मी यादी उघडलीय,” त्या म्हणाल्या. “इथं एकशेदहा-सत्तर दिसतंय.”

“यादी चुकलीय, मॅडम. ते जुनं आहे, सासरचं. ती माहेरी आली आहे. मी आत्ताच तिला बघून आलेय.”

“जीप फाट्यावर पाठवते. पण मला सांग, हे आजच एकदम वाढलं, की हळूहळू वाढत आलंय? मागचे आकडे काय? त्यावर ठरेल, तालुक्याला ठेवायचं की न थांबता जिल्ह्याला न्यायचं. पाच मिनिटांत कळव.”

फोन बंद झाला.

“अनसाक्का, मागचे आकडे?”

“दर बुधवारी बघितलं म्या. वाढतच हुतं.”

“किती किती?”

तिनं डोळे मिटले. ओठ हलले. “ध्येनात न्हाय गं. नऊ बायांचं बघती म्या. वहीत लिवायची, तवा ध्येनात ऱ्हायाचं. तू वही बंद केलीस.” रागानं नव्हे, वार सांगावा तसं ती बोलली. “पर यादीत लिवलं हुतं की. तीनदा लिवलं.”

“कुठे? पेन्सिल तर नव्हती.”

“कचेरीतलं भाऊ म्हनलं, नवी नोंद भरा. भरली. सुवर्णा बाबू कोकरे, उंबरमाळ. सोमवारी बघते तर गायब. म्हनलं, माजंच काय तरी चुकलं आसंल. दुसऱ्या बुधवारी परत भरली. परत गायब. तिसऱ्यांदा भरली. तीनदा लिवलं, तीनदा पुसलं गेलं. ह्या डोंगरावर भूतं हायत, पर लिवनं पुसनारं भूत न्हाय बगितलं कदी.”

“थांबा,” मी म्हणाले.

यादीला एक कचऱ्याची टोपली असते. पुसलेल्या नोंदी महिनाभर तिच्यात पडून राहतात. ती फक्त मला दिसायची. मी माझ्या फोनवरून ती उघडली. कातळावर वारा होता, पान उघडायला वेळ लागत होता. अनसाक्का माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिच्या लुगड्याला चुलीचा वास होता.

तिन्ही होत्या. सुवर्णा बाबू कोकरे. एकशेतीस-शहाऐंशी. एकशेअडतीस-ब्याण्णव. एकशेअठ्ठेचाळीस-अठ्ठ्याण्णव. तिसऱ्या नोंदीच्या शेऱ्यात लिहिलं होतं, ‘लेक माझी हाय. पुसू नये.’

आणि प्रत्येकीपुढे शेवटच्या रकान्यात नोंद पुसणाऱ्याचं नाव. तारीख शनिवारची. तिन्ही शनिवारी एकच नाव होतं.

दर शनिवारी मी यादी झाडायची; नव्या ओळीला रंग चढायचा तो त्यानंतरच. एकच फोन नंबर दोन ओळींत दिसला की जुनी ओळ ठेवायची, नवी पुसायची. दोनदा भरली गेली असेल, असं समजायचं. शेरे मी वाचत नसे. चहाचा कप डाव्या हातात असायचा.

“कळलं का कुनी पुसलं?” अनसाक्कानं विचारलं.

तिला वाचता येत होतं. तरी तिनं विचारलं, की खरंच तिची नजर तिथवर पोचली नव्हती, ते मला आजही माहीत नाही.

“मी,” मी म्हणाले.

वाऱ्यानं तिचा पदर उडाला, तो तिनं दातात धरला. मग सोडला.

“कशापायी?”

“एकच नंबर दोनदा दिसला. मला वाटलं, एकच बाई चुकून दोनदा भरलीय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि जे बोलेल ते मला जन्मभर पुरेल.

“बाई दोनदाच आसती गं,” ती म्हणाली. “एकदा सासरची, एकदा म्हायेरची. तुला कुनी सांगावं?” आणि लगेच, “आता रडू नगं. आधी डाक्तरनीला आकडं सांग.”

मी सांगितले. होनराव म्हणाल्या, “तीन आठवडे चढतंय. मग तालुक्याला थांबायचं नाही. सरळ जिल्ह्याला. मी तिथं बोलते. पण हे आकडे तिच्या त्याच नोंदीत घाला, तिथले डॉक्टर तीच उघडतील. दोन दोन नावं बघून गोंधळ नको.”

मला भरता आलं असतं. यादी माझी, कुलपं माझी, कुठलीही ओळ मी उघडू शकत होते. पण मी वैजयंतानं केलेली ती हिरवी ओळ उघडली, तिच्या परवानग्यांत गेले, आणि त्या एका ओळीपुरतं आणखी एक नाव घातलं. अनसूया बाबू कोकरे. मिनिटभराचं काम. तीन आठवड्यांत कधीही करता आलं असतं.

“आता बघा तुमच्या फोनवर.”

तिनं पाहिलं. सुवर्णा संतोष शेलारच्या नावापुढे पेन्सिल आली होती.

तिनं चटकन बोट लावलं नाही. आधी ते पदराला पुसलं. मग एकेक आकडा, जिभेचं टोक ओठात धरून, तिनं भरला. आधीचे तीन, मग आजचा. गावाच्या रकान्यात सोनगिरीपुढे लिहिलं, ‘सध्या आईजवळ’. बोट उचललं आणि ओळ लाल झाली.

“झाली लाल,” ती म्हणाली. लाल रंग बघून हायसं वाटलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही खाली आलो तोवर डोली तयार होती. वेळूला घोंगडी बांधलेली, चौघे उभे. सुवर्णाला डाव्या कुशीवर घातलं. उतरणीच्या वाटेवर अनसाक्का डोलीला हात लावून चालत होती, दगड आला की खांदेकऱ्यांना सांगत होती, आणि मधल्या वेळात ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. जात्याजवळ म्हणतात तशा चालीत. मी मागून चालत होते, म्हणून ऐकू आलं.

डोंगराच्या पल्याड, माझ्या लेकीचा गं दिवा
दिसतो मला बाई, हात कसा मी लावावा

“आये, रडकं नगं म्हनू,” डोलीतून सुवर्णा म्हणाली.

“रडकं न्हाय. म्होरली ओळ यायचीया.”

“कवा?”

“तू घरी आलीस की.”

फाट्यावर जीप उभी होती. तालुक्याचा दवाखाना उजव्या हाताला आला आणि मागे गेला, आम्ही थांबलो नाही. जिल्ह्याच्या दारात नर्स नोंद उघडूनच उभी होती. तिनं सुवर्णाला नाव विचारलं नाही, नावानं हाक मारली. लगेच इंजेक्शन दिलं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मुलगी झाली. जेमतेम पावणेदोन किलोची, पण रडली ठणठणीत. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, तालुक्याला थांबून पुन्हा इकडे पाठवण्यात दोन तास गेले असते, आणि ते दोन तास हिच्याकडे नव्हते.

अनसाक्का भिंतीला टेकून खाली बसली. मग पिशवीत हात घालून शेंगदाणे काढले. निम्मे मला दिले.

दुसऱ्या दिवशी मी वैजयंता मोहितेला फोन केला. ती म्हणाली, “बरं झालं बाई. माझ्या यादीत सात जणी हाईत, ज्या माझ्या गावात न्हाईत. मला रोज वाटायचं, मीच कुठं तरी कमी पडतीया.” मग मी सगळी यादी काढून बसले. अशा एकतीस बाया निघाल्या. त्या सगळ्या जणी दोन आशाताईंच्या मधल्या डोंगरावर उभ्या होत्या. मी यादीत एक रकाना वाढवला, माहेर. त्यात गावाचं नाव पडलं की त्या गावच्या आशाताईपुढेही पेन्सिल यायची. शनिवारी झाडू मारायचं बंद केलं नाही, पण डाव्या हातात कप घेणं सोडलं. शेरा वाचल्याशिवाय एकही ओळ पुसायची नाही, असं ठरवलं. आणि पुढच्या शिबिरात सगळ्यांना वह्या वाटल्या.

ह्याला आता सात वर्षं झाली. मधे माझं लग्न झालं, मी पुण्याला आले. बाबाही गेले. संस्थेची यादी मात्र मी लांबून सांभाळते, आठवड्यातून एकदा, जुन्या सवयीनं शनिवारी. सुवर्णाची मुलगी शाळेत जाते. अनसाक्काचा फोन सणावाराला येतो. गेल्या श्रावणात आला तेव्हा मी बोलता बोलता सांगितलं, “अनसाक्का, मलाही दिवस गेलेत.” ती म्हणाली, “बरं,” आणि एवढंच म्हणून तिनं पावसाचं विचारलं. मला जरा लागलं ते. पण वाटलं, रेंज गेली असेल.

पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारी मी यादी चाळत होते. उंबरमाळच्या बायांत एक ओळ वाढलेली दिसली. फोन नंबर ओळखीचा वाटला. ओळखीचा म्हणजे काय, माझाच होता.

नाव संज्योत. गाव पुणे. माहेराच्या रकान्यात उंबरमाळ. नोंद करणार अनसूया बाबू कोकरे.

रक्तदाबाचा रकाना रिकामा. ओळ ना हिरवी, ना लाल. नुसती पांढरी. त्यापुढे शेरा होता, ‘तपासणी बाकी. लेक अजून आलेली नाही.’

नियमानं ती ओळ चुकीची होती. ती बाई त्या गावची नव्हती, त्या तालुक्यातली नव्हती, तिचे कागद पुण्याच्या दवाखान्यात होते. अशी नोंद पुसायचा अधिकार सबंध संस्थेत एकट्या माझ्याकडे होता.

मी शेरा पुन्हा एकदा वाचला. मग यादी तशीच उघडी ठेवून एसटीचं वेळापत्रक काढलं, आणि फाट्यावर थांबणारी सकाळची गाडी शोधायला लागले.